राजूरच्या घाटात बंद केलेली फटफटी

बाबा,

माफी मागायला लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. तुमचा उजवा पाय माझ्या फटफटीखाली मोडला, तो पुन्हा कधी सरळ झाला नाही, आणि पुढची अकरा वर्षं तुम्ही काठी टेकत देऊळघाटच्या गल्लीतून फिरले, हे सगळं खरं. तरी फटफटी चालवली याची मला तेव्हा लाज नव्हती आणि आजही नाही. परवा भाऊचा पोरगा आला होता. जुना फोटो हातात धरून म्हणतो, "आत्या, हेल्मेट नाही, आरसा नाही, लुगडं नेसून घाटातून गाडी! डोक्यानं गेली होती काय तू?" मी म्हटलं, "हाव, गेली होती. चहा पी आन गप बस." तो हसला. पण तो गेल्यावर माझ्या ध्यानात आलं की हेच तुम्ही मला वर्षभर विचारत होते, फक्त तुम्ही हसत नव्हते. तेव्हा तुम्हाला नीट उत्तर दिलंच नाही. भांडण केलं, आणि भांडण म्हणजे उत्तर नव्हे.

तेव्हाचं आठवतं ना? दुष्काळ नुकता सरला होता, आणि जरा श्वास घ्यावा तर पेट्रोलचा भाव भडकला. वरून हुकूम आला की दवाखान्याची जीप आठवड्यातून एकदाच बाहेर काढायची. ती जीप म्हणजे तुमची जीप. वर्षभरापूर्वीच तुम्ही तिचे ड्रायव्हर म्हणून रिटायर झाले होते, आणि मी त्याच दवाखान्याची नर्स. माझं उपकेंद्र राजूरचा घाट उतरून खाली, मोताळ्याच्या अलीकडं. आधी जीप मला सकाळी नेऊन सोडायची, संध्याकाळी आणायची. आता जीप शेडमध्ये आणि मी बुलढाण्याच्या एसटी स्टँडवर. गाडी आली तर आली. आली तरी दारापर्यंत माणसं लोंबलेली. खाली पोहोचेपर्यंत दुपार व्हायची, आणि बाळंतपणाच्या कळा काही एसटीचं टाइमटेबल पाहून येत नाहीत. एकदा मी पोहोचले तेव्हा बाईची सासू दारात रडत बसली होती. मला म्हणाली, "आता काय कराले आली?" त्या घरात मी आत गेले नाही. परत येताना ठरवलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

भाऊ फौजेत गेला होता आणि त्याची जुनी फटफटी अंगणात पोत्याखाली झाकून पडली होती. जीपला एकदा घाटाखाली जाऊन यायला जेवढं पेट्रोल लागायचं, तेवढ्यात ही आठवडा काढायची. तुम्ही दुपारी डोळा लावला की मी ती ढकलत गावाबाहेरच्या खळ्यावर न्यायची. मिस्त्रीचाचा गाडीदुरुस्तीचं दुकान बंद करून मला शिकवायला यायचे. तुमचेच दोस्त, पण त्यांनी तुम्हाला चकार शब्द सांगितला नाही, याबद्दल त्यांच्यावर रागवायचं असेल तर आता वर भेटल्यावर रागवा. चाचा म्हणायचे, "बेटी, क्लच आहिस्ते सोड. तो बैलाचा कासरा नाही." चार वेळा पडले, पाचव्यांदा खळ्याला तीन चकरा मारल्या. मायला मात्र सगळं ठाऊक होतं. युनिफॉर्मच्या पाचवारी साडीत टांग टाकता येईना, तर तिनं पेटीतलं हिरवं नऊवारी लुगडं काढून दिलं. कासोटा घालून गाडीवर बसायचं आणि उपकेंद्रात जाऊन पांढरी साडी नेसायची. लुगडं देताना एवढंच म्हणाली, "पडली तं माह्यं नाव नको सांगू."

पहिल्या दिवशी तुम्ही ओट्यावर बसले होते. मी गल्लीच्या तोंडाशीच पेट्रोलचा कॉक बंद केला होता. आत उरलेल्या थेंबांवर गाडी बरोबर दारापर्यंत येते, ही चाचांची शिकवण. तुमच्यासमोर येऊन गाडी आपोआप शांत झाली आणि मी उतरले. तुम्ही मला बघत नव्हते, चाकाला बघत होते.

"कोनं शिकवली तुले?"

"शिकले."

"पोट्टी, चार चाकं असली का मानूस जमिनीवर असते. दोन चाकावर बसलं का अर्धा मानूस आधीच वर गेला समज. म्या किती जनाले उचलून जीपमधी टाकलं, तुले काय सांगू."

"मग जीप काढायला सांगा तुमच्या साहेबाले."

माय व! असं तुम्हाला कोणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी फटफटी सुरूच होईना. प्लग गायब. तुम्ही ओट्यावर अडकित्त्यानं सुपारी कातरत बसले होते, आणि सदऱ्याच्या खिशावर तेलकट डाग. मी चाचांकडे चालत गेले, दुसरा प्लग आणला, तुमच्यासमोर मांडी घालून तो लावला आणि पहिल्याच किकला गाडी सुरू केली. तुम्ही सुपारी कातरतच राहिले. बाबा, त्या दिवशी मला इतका आनंद झाला होता की बुलढाण्यापर्यंत मी एकटीच हसत गेले.

दवाखान्याच्या मोठ्या साहेबांनीही बोलावून घेतलं होतं. "नर्सबाई, सरकारी नोकर आहात तुम्ही. बाईमाणसानं फटफटीवर ड्युटीला जाणं शोभतं का? उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची?" मी म्हटलं, "साहेब, जीप चालू करा, मी आत्ता फटफटीवरून उतरते." त्यांना हसू आलं, पण त्यांनी बजावलं की एक जरी अपघात झाला तरी लेखी मनाई काढीन. मनाई म्हणजे पुन्हा एसटी, आणि एसटी म्हणजे पुन्हा ती सासू दारात. म्हणून मी जपून चालवायची. आणि पेट्रोल तर असं वाचवायची की चाचा मला कंजूस म्हणायचे. टाकी तळाला लागली की गाडी आडवी करून कोपऱ्यातलं पेट्रोल या बाजूला घ्यायचं, चढाला अ‍ॅक्सिलरेटरला उगाच पीळ द्यायचा नाही, आणि राजूरच्या घाटाच्या माथ्यावर गाडी न्यूट्रल करून इंजिन बंद करायचं.

आता हे शेवटचं कोणाचं, ते तुम्हीच सांगा. सगळ्या ड्रायव्हरांत तुमचं नाव होतं ते यासाठीच. माथ्यावर जीप आली की तुम्ही चावी फिरवायचे आणि जीप आवाज न करता पायथ्यापर्यंत उतरायची. उतारावर पेट्रोल जाळणारा ड्रायव्हर नाही, हमाल आहे, असं तुम्ही म्हणायचे. मी आठ-नऊ वर्षांची असताना तुम्ही मला एकदा जीपमध्ये पुढं बसवून नेलं होतं. इंजिन बंद झालं आणि एकदम सागाच्या पानांचा आवाज, टायरखालची खडी, कुठंतरी मोर. तुम्ही एका हातानं स्टिअरिंग धरून बसलेले. घाट एवढा शांत असतो हे मला त्या दिवशी कळलं. नंतर मला फटफटीवरून घाट बंद गाडीनं उतरल्याबद्दल कोणी नावं ठेवली तर मी मनात म्हणायची, माझ्या बापाला जाऊन विचारा.

आणि मग मोताळ्याला आत्याच्या मुलीचा साखरपुडा. तुम्ही धुतलेला पांढरा सदरा, टोपी, पायात नवीन करकरती चप्पल असे सकाळी स्टँडवर उभे. एसटी आलीच नाही. मी तिथूनच जाते हे तुम्हाला ठाऊक होतं. मी थांबले, तुम्ही दोन्ही बाजूंना पाहिलं, कोणी ओळखीचं नाही याची खात्री केली आणि बसले. मला धरलं नाही, सीटच्या पट्ट्याला धरलं. "हळू. हळू. अवं, हळू म्हनलं ना." गावाबाहेर पडेपर्यंत हेच. मग म्हणाले, "गिअर बरा टाकते तू." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल.

माथा येतो. मी क्लच दाबते, न्यूट्रल करते, चावी फिरवते. एकदम शांत. तुमचा हात माझ्या खांद्यावर येतो.

"काऊन बंद केली व?"

"तुमच्यासारखी," मी म्हणते.

दोन वळणं सुरेख जातात. तिसऱ्या वळणावर कापसाच्या गाठी भरलेला ट्रक, अर्ध्याहून जास्त रस्ता अडवून वर येतोय. मी हॉर्नचं बटण दाबते. काही नाही. पुन्हा दाबते. फटफटीला बॅटरीच नव्हती, बाबा. दिवा काय, हॉर्न काय, इंजिन फिरेल तोवरच. जीपचा हॉर्न बंद गाडीतही वाजायचा, आणि मी जीपच्या पोटी जन्मलेली पोट्टी, मला वाटलं सगळ्याच गाड्यांचा वाजतो. तोवर इतक्या वेळा उतरले होते, पण हॉर्नची वेळच आली नव्हती. मी घाईनं गिअर टाकून क्लच सोडला, मागचं चाक जाम झालं, खडीवरून गाडी घसरली आणि डोंगराच्या बाजूच्या नालीत गेली. ट्रकवाला तिथंच थांबला. माझे तळहात सोलले गेले. तुमचा पाय गाडीखाली होता आणि तुम्ही ओरडले नाही, फक्त म्हणाले, "माही चप्पल पाह्य."

त्याच ट्रकनं आपण परत बुलढाण्याला आलो. साहेब दवाखान्यात धावत आले आणि तुमच्या पायाकडं बघून माझ्याकडं वळले. मला ठाऊक होतं पुढं काय येणार. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही खाटेवरून बोलले, "साहेब, पोट्टीचा कसूर नाही. म्या मांगं बसलो वाकडा. चप्पल निसटत होती, ते पाह्याले वाकलो आन तोल गेला. गाडी तं ते लय चांगली चालवते." साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं. मनाई निघाली नाही. गावात मात्र तुम्हाला हसले लोक, की एवढा नावाजलेला ड्रायव्हर आणि फटफटीवर धड बसता येत नाही. तुम्ही हसू दिलं. मीही हसू दिलं. नोकरी वाचली म्हणून मी गप्प राहिले, आणि ते गप्प राहणं मला अजून टोचतं. चालवणं टोचत नाही, हे लक्षात घ्या.

प्लास्टर असताना एकदाच तुम्ही त्या विषयावर बोलले. "इंजिन बंद झालं का हॉर्न वाजत नाही, एवढं ठाऊक नव्हतं तुले?"

"जीपचा वाजायचा."

"जीपले बॅटरी असते, येडे."

मग दोघंही हसत सुटलो, माय आतून विचारत राहिली काय झालं म्हणून. आठ दिवसांनी चाचा आले आणि त्यांनी माझ्या हँडलला रबरी भोंगा बसवला, दाबला की पों करणारा, टांग्याला असतो तसा. तुम्ही मागवला होता. मला काही बोलले नाही. चाचांना मात्र सांगितलं, "घट बसव. घाटात हलला नाही पाह्यजे."

त्यानंतर मी बावीस वर्षं फटफटी चालवली. घाट उतरताना इंजिन कधी बंद केलं नाही, पेट्रोल दुसरीकडं वाचवलं. लोक म्हणायचे, बापाचा पाय मोडला तरी हिचं डोकं ठिकाणावर येईना. बोलू दिलं. अपघातानंतरच्याच पावसाळ्यात एक बाई पोटात पायाळू बाळ घेऊन अडली होती, नाल्याला पाणी, एसटी बंद. मी फटफटी ढकलत नाला ओलांडला आणि वेळेवर पोहोचले. पोरगी झाली. तिची आजी दारात बसली होती, पण रडत नव्हती, भाकरी टाकत होती. जेवूनच सोडलं मला. अशा कितीतरी. एका पारड्यात तुमचा पाय आणि दुसऱ्यात त्या पोरी, असला हिशेब मी करत नाही आणि कोणाला करूही देत नाही. धोका होता. मला ठाऊक होता. तरी गेले. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा जाईन, आणि तुम्ही प्लग काढला तर पुन्हा आणीन.

हे कागद मी भाऊच्या पोराला दाखवणार नाही. तुम्हाला पोहोचवायची सोय नाही, आणि असती तरी धाडले असते की नाही, सांगता येत नाही. कारण एक गोष्ट उरली आहे. तुम्हाला वाटलं असेल, की त्या दिवशी मी पेट्रोल वाचवायला इंजिन बंद केलं. आदल्याच संध्याकाळी मी टाकी काठोकाठ भरली होती, बाबा. मागं तुम्ही बसले होते, म्हणून बंद केलं. तुम्ही एकदा म्हणावं, जमलं व तुले.