तुझी लाल खूण मी हलवली

प्रिय रशीदभाई,

पत्राला उशीर झाला, माफ कर. तू जाऊन पाच महिने झाले. तुझ्या रेडिओवरच्या मित्रांना तू गेल्याची बातमी सांगितल्याशिवाय तुला कोणत्या तोंडाने लिहू? त्यांचे फोन नंबर तुझ्या वहीत नाहीत. ओळख सगळी हवेतली.

दर रविवारी सकाळी रेडिओला जोडलेल्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर त्यांची अक्षरं उमटायची, "देऊळघाटचे रशीदभाई आहेत का?" मी उत्तर टाईप करायचो, ते कुणालाच पोचायचं नाही. थोड्या वेळाने पुन्हा तोच प्रश्न. जीव नुसता टांगणीला लागायचा.

बीटीच्या कपाशीलाही बोंडअळी लागली, त्या वर्षी मी रोज तुझ्या दुकानात येऊन डोकं खायचो. "काऊन घाबरून राह्यला बे? बस इथं, कान दे," म्हणून तूच मला या यंत्रासमोर बसवलंस. सातवी शिकलेल्या माणसाला रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेला बसवलंस. आदल्या दिवशी मी जेवलो नाही, तर म्हणालास, "उपाशी राह्यल्यानं पेपर सोपा येते काय?" पास झालो, तेव्हा पेढे तूच वाटलेस.

आता उत्तर जाईना म्हणून मी वायर बदलली, बांबूवरची एरियलची तार उतरवून पुन्हा चढवली. दोष मात्र पडद्यावर होता. तिथे तुझ्या दोन खुणा. ऐकायची हिरवी पंधराशे हर्ट्झवर, पाठवायची लाल सतराशेवर. तुझा जुना रेडिओ पाठवताना दोनशेने खाली घसरायचा, म्हणून तू लाल खूण तेवढी वर नेऊन पक्की केलीस. एवढी घसरण तू नुसत्या कानाने पकडली होतीस!

तू गेल्यावर पावसाळ्यात रेडिओ बंद पडला, तो मी बुलडाण्याहून दुरुस्त करून आणला. कारागिराने ती घसरणही काढली, मला सांगितलंही. म्हणजे आता माझी अक्षरं दोनशे वर, कुणी बघत नाही तिथे जायची. तरी तुझ्या आकड्याला हात लावायचं धाडस होईना. शेवटी भाभीच म्हणाल्या, "भाऊ, त्यांचा चष्मा घालून तुमाले दिसन का?"

एवढं सगळं शिकवलंस, मग तुझा आकडा कधी बदलायचा ते काऊन नाही सांगितलंस?

गेल्या रविवारी लाल खूण हिरवीवर आणली आणि लिहिलं, "रशीदभाई गेले. मी महादेव, त्यांचा शिकाऊ." मग एकाचं आलं, "पाच महिने त्यांची जागा मोकळी ठेवली. आता तुम्ही येत जा."

दर रविवारी जाईन. उत्तर आलं नाही तर बांबूवर चढण्याआधी आकडे बघीन.

आता तूही पोचल्याचं लवकर कळव. मला घोर लागतो, तुला माहीत आहे.

तुझा,
महादेव