चांदणी पंजा का चाटत होती?

मंगळवार, संध्याकाळ

डोक्यातून जात नाहीये. आमच्या प्राणिसंग्रहालयातल्या बिबट्याच्या मादीचे, चांदणीचे, उद्या भूल देऊन दात तपासायचेत, म्हणून आज तिला उपास. उपाशी असली की शेजारच्या कंपनीचा भोंगा वाजला तरी जाळीवर धडकते. आज मात्र आरामात पडून पंजा चाटत होती. जेवल्यासारखी.

पिंजरा सांभाळणाऱ्या ज्ञानोबामामांना विचारलं, "हिला काही घातलंत का?"

"न्हाई म्याडम, आईच्यान." नजर जमिनीकडे.

मीच संशयी झालेय? की मामांना राहवलं नाही? पण तो पंजा...

शेवटी म्हटलं, "बरं. पोटात काही असलं तर भुलेत उलटी होऊन गुदमरेल, म्हणून विचारलं."

मामा झाडू घेऊन निघाले. फाटकापासून परत आले.

"म्याडम, दात परवा बघूया की."