मोंबासाच्या नऊ पत्रांचा डबा आणि दाना ओलीतले घर

मी, शरयू जगदेवराव इंगवले, वय ७९, निवृत्त भूगोल शिक्षिका, राहणार दाना ओली, लष्कर भाग, ग्वाल्हेर, हे मृत्युपत्र स्वतःच्या अकलेने आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे दुखतात, डोके शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. ज्याने टाकून पाहिला त्यालाच तो जड गेला. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. मालमत्तेआधी माणसाबद्दल लिहिते, कारण सगळी वाटणी त्याच्यावरून ठरली आहे. माझे आजोबा कान्होजी १९१४ साली पलटणीबरोबर परदेशी लढाईवर गेले, तेव्हा माझे वडील जगदेवराव तीन महिन्यांचे होते. तिकडे आजोबा आधी विमानांची इंजिने दुरुस्त करायला शिकले, मग विमान उडवायला. लढाई संपल्यावर जो पगार देईल त्याच्यासाठी उडत राहिले. एका शेखाच्या चाकरीत विमान पडले, पाय मोडला, चार वर्षे कैदेत गेली. मग हात हलवत घरी यायची लाज वाटली. बारा वर्षे घरी पत्र नाही. तेव्हा रीतीप्रमाणे पणजोबा बळवंतरावांनी दर्भ आणि पळसाच्या पानांचा कान्होजी केला आणि त्याला दहन दिले. अग्नी देणारे माझे वडील, वय सतरा. आजी विजयाबाईंचे कुंकू त्या दिवशी पुसले गेले.

दीड महिन्याने मोंबासाहून कान्होजींचे पत्र आले.

शास्त्रात यावरही तोड होती. अशा माणसाने परत यायचे, जन्मापासूनचे सगळे संस्कार पुन्हा करून घ्यायचे आणि आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचे. पणजोबा म्हणाले, "चाळिशीच्या नवरदेवाला घोड्यावर बसवू? सगळं लष्कर हसेल." त्यांनी पत्र न फोडता बिस्किटांच्या डब्यात टाकले. पाच वर्षांत अशी नऊ पत्रे आली. आजीला वाचता येत नव्हते, तिकिटे मात्र ओळखता येत होती. मरेपर्यंत दर शनिवारी ती तो डबा पुसायची.

वडिलांनी जिवंत बापाचे श्राद्ध सत्तावीस वर्षे घातले. डबा माझ्या हाती देताना म्हणाले, "शरू, उघडू नकोस." मी तीस वर्षे उघडला नाही. हा माझा अपराध. शाळेत चौतीस वर्षे मी मुलींना नकाशावर मोंबासा दाखवत होते, हेही लिहून ठेवते.

२. इथल्या मराठी मंडळाच्या ग्रंथालयात काम करणाऱ्या यशश्रीचे माझ्यावर उपकार आहेत. सहा वर्षांपूर्वी मोंबासाहून सोनिका नावाच्या मुलीने मंडळाकडे एक फोटो पाठवला: विमानापुढे काठी टेकून उभा असलेला माणूस, मागे मोडीत काही लिहिलेले. यशश्री तो घेऊन टोपी बाजारापासून कंपूपर्यंत फिरली आणि शेवटी माझ्याकडे आली. "ताई, मोडी वाचणारं तुमच्याशिवाय कोणी बचाच नाही." मागे लिहिले होते: कान्होजी इंगवले, दाना ओली. त्याच दुपारी मी डबा उघडला. प्रत्येक पत्राच्या शेवटी तेच होते: "आबा, नुसते ये म्हणून लिहा, मी निघतो." नवव्या पत्रानंतर वर्षभर वाट पाहून त्यांनी तिथे दुसरे लग्न केले. सोनिका त्या घरातली, कान्होजींची पणती. माझी सगळी पुस्तके आणि लोखंडी कपाट यशश्रीला द्यावे. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. दाना ओलीतले घर सोनिका आणि माझी नात निवेदिता यांना निम्मे-निम्मे. मूळ पत्रे सोनिकाला, मी केलेल्या बाळबोध नकला आणि पृथ्वीचा गोल निवेदिताला. डबा दोघींचा. तो शनिवारी पुसावा.

४. आजोबांचे श्राद्ध यापुढे पुतळा जाळल्याच्या तिथीला घालू नये. ते १९५८च्या दोन मार्चला गेले, असे सोनिकाने कळवले आहे. त्या तिथीला घालावे, आणि त्यांच्या दुसऱ्या पत्नीचेही नाव घ्यावे.

५. शेजारच्या उषाताई या मृत्युपत्राच्या एक साक्षीदार आहेत. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असे वकील सांगतात. सबब २०११ साली नेलेले माझे पुरणयंत्र त्यांनी परत करावे.

६. माझा भाचा डॉ. दिग्विजयसिंह, निवेदिताचा बाप, याला मी काहीही देत नाही. माझ्या आजारपणात अकरा दिवस खुर्चीत बसून झोपलेला हा मुलगा आहे. त्याचे मी किती आणि काय फेडणार? पण घराचे ऐकल्यावर तो म्हणाला, "आत्या, जो घर छोड़ के गया, त्याच्या लोकांना घर? पणजीचं कुंकू त्याच्यामुळे गेलं." मी म्हणाले, "राजा, ते गेले हा त्यांचा दोष. पत्रं फोडली नाहीत, हा आपला." तेव्हापासून चार महिने तो आलेला नाही. मला त्याची फार आठवण येते.

त्याला देण्यापेक्षा मला त्याची सही हवी आहे. म्हणून साक्षीदाराची पहिली जागा त्याच्यासाठी सोडली आहे. त्याने नावाखाली कान्होजी आपले कोण, तेवढे लिहावे. आज संध्याकाळी पाचपर्यंत तो न आल्यास समोरच्या घरातल्या लीलाताई सही करतील, आणि माझा त्याच्यावर राग नाही असे समजावे.

७. गेल्या महिन्यात मी सोनिकाला एकाच शब्दाचे पत्र पाठवले: ये. ती या रविवारी दिल्लीहून गाडीने येत आहे. आमच्या घराकडून हा शब्द जायला चौऱ्याण्णव वर्षे लागली. तो लिहायला माझा हात उरला, याबद्दल देवाची ऋणी आहे.

ग्वाल्हेर, १४ नोव्हेंबर २०२५
(सही) शरयू जगदेवराव इंगवले

आम्हा दोघांच्या समक्ष त्यांनी सही केली, त्यांच्या समक्ष आम्ही.

साक्षीदार २: (सही) उषाताई, दाना ओली. पुरणयंत्र सोबत आणले आहे.

साक्षीदार १: (सही) डॉ. दिग्विजयसिंह इंगवले, कंपू. वेळ ४.५०.
कान्होजी माझे पणजोबा. आत्या, रविवारी स्टेशनवर मी जाईन. गाड़ी का टाइम भेज दो.