पेजेच्या आईचं कपाळ

अंधेरी, ता. २ नोव्हेंबर १९५४

ती. ताईस,
काशीरामाचा शि. सा. न. वि. वि.

भाऊबीजेच्या चकल्या काल संपल्या. वसुधा म्हणते वन्संच्या चकल्या झकास, पण तिच्या दाढेची वाट लागली. भावोजींचा खोकला कसा आहे ते कळव.

आता कामाचं. माझ्या स्टुडिओमागे गावठाणात पोर्तुगीजांच्या वेळचं छोटं चॅपेल आहे ना, अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत आजारी माणसं ठेवली होती ते, तिथल्या फादरांनी मला बोलावलं होतं. त्या साथीत ज्यांनी माणसं जगवली, त्यांची चित्रं त्यांना भिंतीत बसवायची आहेत. चेहरा मात्र फोटोचा. तो मी काढायचा, चिनीमातीच्या थाळीवर उतरवायचा आणि भट्टीत भाजून घ्यायचा, ख्रिस्ती लोकांच्या थडग्यांवर असतो तसा. बाकी अंग, कपडे, हात सगळं फुटक्या कपबशा, फरशा आणि काचांचे तुकडे जुळवून. ते माझा दोस्त जयवंत करणार, आर्ट स्कूलमध्ये शिकलाय तो. असलं काम मी तरी कुठे पाहिलेलं नाही.

आणि फादरांनी पहिलं नाव कोणाचं घ्यावं? आपल्या आईचं! बाबा जाऊन वर्ष होत होतं, मी कडेवर, तू पाच वर्षांची, आणि ती रोज तिथे हंडाभर पेज शिजवून वाढायची. गावठाणातल्या मोनिकाबाय अजून तिला पेजेची आईच म्हणतात. ती त्यांना घास भरवायची म्हणे.

पण आई फोटोला बसेल तर शपथ. मी फोटोचा धंदा करतो आणि माझ्या भिंतीवर आईचा फोटो नाही. विचारलं की एकच, विधवेच्या तोंडाचा कसला फोटो काढतोस मेल्या. ताई, ती तुझ्याकडे राहते, तुझं ऐकते. एवढं कर गं. आणि मुलींच्या वाढवलेल्या बांगड्यांचे तुकडे असतील तर टाकू नकोस, जयवंतला हवेत.

भावोजींना नमस्कार, मुलींना गोड पापा. माया आहे तशीच राहू दे.

तुझा
काशीराम

मुलुंड, ता. १४ नोव्हेंबर १९५४

चि. काशीरामास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला तयार करता करता माझ्या नाकी नऊ आले. हो, असल्या वेळी ती तुझी आई. आधी दोन दिवस तोंड फिरवून बसली. फोटो काढला की आयुष्य कमी होतं, या वयात लोक हसतील, सगळी गजाल ऐकवून झाली. मग काल भांडी विसळता विसळता आपणहून म्हणाली की त्या जागी लावणार असतील तर बसते. दुसऱ्या कुठल्या भिंतीसाठी बसले नसते, असंही म्हणाली. वर मला बजावलंन की काशीला सांग, आहे तशी काढ, नटवू नकोस.

काशीराम, तिने पांढरं पातळ स्वतः धुतलंय आणि इस्त्री बसावी म्हणून घडी घालून उशीखाली ठेवलंय. साठीच्या बाईचा हा उत्साह बघून मला हसू आलं आणि मग रडूही आलं. रविवारी ह्यांच्याबरोबर पाठवते. जेवायला वेळेवर वाढा, तिला उशीर चालत नाही.

बांगड्यांच्या काचा डब्यातून पाठवते. हिरव्याच जास्त आहेत. ह्यांचा खोकला बरा आहे, विडी सोडली तर आणखी बरा होईल, पण सांगणार कोण? वसुधेला आशीर्वाद.

आठवण ठेवून पत्र टाकत जा.

तुझी
ताई

अंधेरी, ता. २५ नोव्हेंबर १९५४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

फोटो असा उतरलाय की काय सांगू! आई स्टुलावर ताठ बसली, पदर नीट केलान आणि सरळ कॅमेऱ्याच्या डोळ्यात डोळे घालून बघितलंन. गिऱ्हाइकं एवढी येतात, पण असं कोणी बघत नाही.

ताई, एक विचारायचं होतं. बाबा गेले तेव्हा मी तान्हा. आईला मी कुंकवात कधी पाहिलीच नाही. रीटचिंग तर माझं रोजचंच काम. कोणाला कोट हवा असतो, कोणाला गळ्यात सर हवा असतो, आम्ही ब्रशने घालतो. थाळी भट्टीत जायच्या आधी तिच्या कपाळावर लाल रंगाचं एक बोट टेकलं, तर ते कायमचं भाजून निघेल, कधी पुसलं जाणार नाही. पातळासाठी जयवंत पांढऱ्या कपबशा फोडून बसलाय. मी त्याला म्हटलं की हिरवं कर, आणि हातात या काचांच्या बांगड्या भर. तो कुरकुरला, पण आई माझी आहे.

तुला आठवतं का गं, तिचं कुंकू केवढं होतं? आईला काही बोलू नकोस. एकदम तिथेच दाखवू.

उत्तर लवकर दे, थाळी अडलीय.

तुझा
काशीराम

मुलुंड, ता. २९ नोव्हेंबर १९५४

चि. काशीरामास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मी मोरीत जाऊन रडले. तिने नटवू नकोस म्हणून सांगितलं होतं, ते मी तुला कळवलं होतं. तरी पण तू विचारलंस आणि मला ते कुंकू दिसायलाच लागलं. गोल असायचं, मोठं, जुन्या आणेलीच्या नाण्याएवढं. मेणावर लावायची. मी मांडीवर बसून त्याला बोट लावायला जायची आणि ती माझा हात धरायची.

चार वेळा वाटलं तिला सांगावं. ती शेजारीच तांदूळ निवडत होती. नाही सांगितलं. तू कर.

दोघं तब्येतीला जपा.

तुझी
ताई

अंधेरी, ता. २० डिसेंबर १९५४

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काल तू आली नाहीस ते बरं झालं. मुलीला ताप नसता तर तूही तिथे उभी असतीस.

फादरांनी पडदा सारला. सगळ्यांत सुंदर आईच होती, मी सांगतो. हिरवं लुगडं चमकत होतं, हातभर बांगड्या, कपाळावर तू सांगितलंस तेवढंच कुंकू. लोक वा वा करत होते. तेवढ्यात मोनिकाबाय काठी टेकत आल्या. एकेका चेहऱ्यासमोर थांबल्या, आईच्या चित्रापुढूनही तशाच गेल्या. मग मला विचारलं की पेजेची आई कुठे लावली? मी बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. ही कोणीतरी सवाष्ण, म्हणाल्या. आमच्या आईचं कपाळ पांढरं होतं, तापात तेवढंच वाकलेलं दिसायचं, त्यावरून कळायचं की पेज आली.

आई माझ्या शेजारी उभी होती. उशीखाली घडी केलेलं तेच पातळ नेसून. रागावली नाही, काही नाही. मोनिकाबायला म्हणाली की खरंय बाय, ही मी नव्हे. जेवायलाही थांबली नाही. भावोजींना म्हणाली, मला घरी न्या.

ताई, मी चुकलो. कुंकू थाळीत भाजलं गेलंय, खरवडलं तर चेहरा जाईल. निगेटिव्हवरून दुसरी थाळी करतो. छिन्नी घेऊन मी स्वतः ही फोडतो, नवी बसवतो. आईला विचार. ती हो म्हणाली की त्याच दिवशी सुरू करतो.

माझ्यावर माया कमी करू नका.

तुझा
काशीराम

मुलुंड, ता. २७ डिसेंबर १९५४

चि. काशीरामास अनेक आशीर्वाद.

आईला तुझं पत्र वाचून दाखवलं. फोडायला नको म्हणाली. भरल्या कपाळाच्या बाईवर छिन्नी चालवू नये, तिने कोणाचं काय वाईट केलंय, राहू दे तिला. आणि दुसरी थाळीही नको म्हणाली. एकदा बसले होते, तेवढं पुरे.

मग मी विचारलं की काशीवर रागावलीस का? तेव्हा बोलायला लागली. बाबा गेल्यावर तिला कोणी दारात उभं करत नव्हतं. बारशाला नको, ओटीला नको, सकाळी समोर आली तर माणसं परत फिरायची. त्या चॅपेलात मात्र आजारी माणसं हिचीच वाट बघायची. जन्मात एक तेवढी जागा होती जिथे मला या कपाळाची लाज वाटली नाही, असं म्हणाली. आणि मग म्हणाली की तिथेच ती लाज माझ्या लेकाला वाटली.

तुला लाज नव्हती वाटली, माया होती, हे मी तिला शपथेवर सांगितलं. ती म्हणाली की असेल.

काशीराम, मीही त्यात होते. कुंकू केवढं ते मी सांगितलं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. धीरच होत नाही रे.

तिच्याकडून तुला आशीर्वाद लिहू का, म्हणून विचारलं. लिही म्हणाली. ते घे.

तुझी
ताई