तुंगो फाट्यावर का जातो

प्रिय पातुंगो सिरोंका यास,

तुझी गुरं सुखरूप आहेत ना? (नैरोबीत तू दुसऱ्याच्या फाटकावर पहारा करतोस आणि तुझ्यापाशी एक वासरूही नाही, हे मला ठाऊक आहे; पण आधी गुरांची विचारपूस केल्याशिवाय माणसांची करायची कशी?) मुलं बरी आहेत? मग तूही बरा असशील. देवाच्या कृपेने इकडे गवत आहे, गोचीड आहेत, बायको आहे.

पत्राचं कारण, तू जाताना मला दिलेला मेंढा, तुंगो. जनावर गुणी आहे. चार-चार दिवस पाण्यावाचून राहतो, आणि गाईंनी खरडून सोडलेलं गवत पुढचे गुडघे टेकून मुळापर्यंत खातो. पण त्या गुडघ्यांनीच घात केला. गेल्या रविवारी मी मंडळीपुढे प्रार्थना सांगत असताना तो देवळात शिरला आणि सगळ्यांबरोबर गुडघे टेकले. म्हाताऱ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पाळकसाहेब म्हणाले, "बघा, मुक्या जनावराला कळतं!" मीही "आमेन" म्हणालो. डोळे उघडले तेव्हा पाळकसाहेबांची गवती चटई निम्मी संपली होती. (चटई माझ्या बायकोने, नोलारीने, विणलेली. त्यामुळे घरी आल्यावर मला पुन्हा प्रार्थना करावी लागली.)

तेही चाललं असतं. पण रोज उन्हं कलली की तो कळप सोडून बसच्या फाट्यावर जातो, जिथून तू गेलास, आणि नैरोबीच्या रस्त्याकडे तोंड करून गुडघे टेकतो. तिथे गवताची काडी नाही. त्याला आणायला मी जातो. बस थांबते, आम्ही दोघं दाराकडे बघतो, कुणीतरी कोंबड्या घेऊन उतरतं. ड्रायव्हर ओरडतो, "काय आजोबा, आज तरी चढणार का?" (आजोबा! तुझ्याच वयाचा मी.) धूळ खाली बसेपर्यंत थांबतो आणि परततो. मुकं जनावर, त्याला तुझी आठवण येते. दुसरं काय.

आणखी एक. परवा फोनवर तू "कोण, मेइतामेई का?" म्हणालास. आवाज मोठा ठेवलेला, सगळ्यांनी ऐकलं. जनावर देणाऱ्याने आणि घेणाऱ्याने जन्मभर एकमेकांना त्याच जनावराच्या नावाने हाक मारायची, तू मला पातुंगो आणि मी तुला पातुंगो, हे तुला मी सांगायचं? नोलारी चुलीपासून म्हणाली, "तुंगोबरोबर नावही इथंच टाकून गेला वाटतं तुमचा मित्र!" मी म्हटलं, लाइन खराब होती. "खराब? मेइतामेई तर चांगलं खणखणीत ऐकू आलं की!" मी गाई बघायला बाहेर गेलो. गाई होत्या तिथेच होत्या.

तुझ्या मुलांसाठी आपल्या रीतीप्रमाणे कागदावर थुंकून आशीर्वाद दिला आहे. शाई पसरली असेल तर तेवढं सांभाळून वाच.

तुझा पातुंगो
(मेइतामेई नव्हे)

ता. क. माझा चष्मा फुटला आहे. तुझं उत्तर मुलगी सगळ्यांपुढे मोठ्याने वाचेल. वर कोणतं नाव घालायचं ते बघ.

ता. क. चष्मा फुटलेला नाही.

ता. क. तुंगोचं कोडं काल सुटलं. फाट्यावरची माती खारट आहे, तो ती चाटायला जातो. मी स्वतः ओणवा होऊन चाटून पाहिली. रोज जावं असं त्यात काही नाही. आज तुंगोला बांधून ठेवला, आणि तरी गेलो. नाताळला येणार असलास तर कोणत्या बसने ते कळव. नाही कळवलंस तरी चालेल, मी तिथेच असतो.