शेरा : जैसे थे

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. (गुडघ्यामुळे प्रत्यक्षात जमत नाही, कागदावर जमतो तोवर करून घेते.) तुझं ब्लडप्रेशर कसं आहे? तू कळवतोस की तू मीठ सोडलंस, वहिनी कळवते की तिने मीठ लपवलं. माझा वहिनीवर विश्वास आहे, तिला शाबासकी सांग. हे पत्र माझ्या सासूबाई स्वतः घेऊन येत आहेत. त्यांना आधी पाणी दे, पाठीला उशी दे आणि मांडीवरचं गोधडीचं गाठोडं ओढून घ्यायला जाऊ नकोस. वय ब्याऐंशी असलं तरी हाताला जोर आहे. हवापालटासाठी आठ दिवस राहतील. बाकी आम्ही सगळे मजेत.

मजेत म्हणजे काय ते सविस्तर लिहिते. दोन महिन्यांपूर्वी आमच्या खाणीच्या साहेबांनी परिपत्रक काढलं, 'सुरक्षितता हीच आमची प्रथम प्राधान्यता.' मी 'प्राधान्यता'खाली लाल रेघ मारून ते परत पाठवलं. ('प्राधान्य' हे मुळातच नाम आहे, त्याला शेपूट कशाला? आणि त्यात 'प्रथम' म्हणजे टोपीवर टोपी.) तिसऱ्या दिवशी माझी जावक विभागातून गाळाच्या बांधावर बदली झाली. कचेरीत या बदलीला काळ्या पाण्याची शिक्षा म्हणतात. प्रत्यक्षात पाणी राखाडी आहे, एवढाच फरक.

तुला बांधाबद्दल सांगायचं म्हणजे माशाला पोहणं शिकवायचं. त्याचा पहिला ओव्हरसियर तू. पण तू सोडलास तेव्हा तो बारा मीटर उंच होता, आज चाळीस आहे. पद्धत तीच. खडक दळून तांबं काढून घ्यायचं, उरलेला गाळ पाण्यासकट बांधामागे सोडायचा, जागा भरली की बांध वाढवायचा. बांधाच्या अंगात पाणी किती चढलं ते कळावं म्हणून पुरलेल्या त्या नऊ नळ्याही तशाच उभ्या आहेत. नळीत टेप सोडायची, टोकाला पाणी लागलं की शिट्टी वाजते, आकडा वहीत लिहायचा. शाळकरी पोरीला जमेल असं काम आहे. बहुधा म्हणूनच तीस वर्षं कोणी केलं नाही.

पहिल्या दिवशी टेप सोडली, वाजली नाही. केबिनचे पहारेकरी (सगळे त्यांना मामा म्हणतात) समजुतीने म्हणाले, "बाई, ही कधीच वाजत नाही. वाजत नाही म्हणजे पाणी नाही." टेप उघडून पाहिली तर आत सेल गंजून चिकटलेला. नव्या सेलसाठी अर्ज केला, तो विचाराधीन आहे. तोवर साहेबांच्या केबिनमधल्या भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून आणला. तेव्हापासून ते घड्याळ दहा वीस दाखवतंय. साहेब येतात दहा वीसला, त्यामुळे आल्या आल्या त्यांना ते बरोबरच वाटतं. नळ्यांच्या कुलपांच्या किल्ल्या हरवलेल्या होत्या, ती कुलपं ह्यांनी येऊन करवतीने कापली. (निवृत्त फिटर घरात ठेवण्याचा हा एकमेव फायदा.)

आठ नळ्यांत पाणी खोल होतं. पाच नंबरची, ती पायथ्याजवळची, वसाहतीकडे तोंड केलेली. तिच्यात अडीच मीटरवरच शिट्टी वाजली. मामा दचकून मागे सरकले. "बाई, बिघडली वाटतं." म्हटलं, मामा, तीस वर्षांत पहिल्यांदा सुधारली आहे. केबिनच्या भिंतीवर पिवळा पडलेला नियम टांगलेला आहे: पाणी नळीच्या तोंडापासून सहा मीटरच्या खाली हवं, तीनच्या वर आलं की गाळ सोडणं बंद करा आणि खालची वस्ती हलवा. खालची वस्ती म्हणजे तीन ओळी, एकशे चाळीस घरं आणि एक शाळा. दुसऱ्या ओळीतलं सातवं घर माझं आहे, हे तुला सांगायला नको. मला तिथे दिलंस तूच.

मी वही उघडली. शेऱ्याच्या रकान्यात 'जैसे थे'. वरच्या ओळीत 'जैसे थे'. पानभर, वहीभर 'जैसे थे'. कोणत्या 'थे'च्या 'जैसे'? ते शोधायला गोदामात जाऊन एकतीस वह्या उलट्या क्रमाने चाळल्या. अक्षरं बदलली, शाया बदलल्या, एका वहीत नुसते रबरी शिक्के मारलेले आहेत (हा माणूस पुढे बढतीवर गेला). तीस वह्या झाल्या तरी एकीच्याही पोटात आकडा नाही. मुळाशी काय सापडलं ते शेवटी लिहिते.

साहेबांनी बोलावलं. टेबलावर प्रमाणपत्र तयार होतं, 'बांध सुस्थितीत आहे', खाली माझ्या सहीची जागा. गुरुवारी तपासणी अधिकारी यायचे आहेत. त्यांनी मान डोलावली की बांध आणखी चार मीटर वाढणार. मी अडीच मीटरचं सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, पाच नंबरचं पाणी पहिल्यापासून तेवढंच आहे, तीस वर्षं 'जैसे थे' लिहिलंय, म्हणजे काही बदललेलं नाही. तुम्ही काय इंजिनिअर आहात का? म्हटलं, नाही, भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. आहे, पहिला वर्ग चार मार्कांनी हुकला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "बाई, तुमचं क्वार्टर कंपनीचं आहे, लक्षात आहे ना?" मी म्हटलं, "साहेब, ते बांधाच्या थेट खाली आहे, हे मला तुमच्यापेक्षा जास्त लक्षात आहे." सही केली नाही. करणारही नाही. हात मोडला तर डाव्या हातानेही करणार नाही.

वहीचं ऐकत नाहीत तर भोंग्याचं तरी ऐकतील म्हणून नियमात लिहिल्याप्रमाणे मी धोक्याचा भोंगा वाजवून पाहिला. दादा, मान खाली घालून लिहिते. बावीस वर्षांपासून तो भोंगा जेवणाच्या सुट्टीसाठी वापरतात. सव्वादहाला मी तो वाजवला आणि चार मिनिटांत सगळी पाळी, शाळेतली मुलं आणि दोन निवृत्त आजोबा ताटल्या घेऊन कँटीनपाशी जमले. कँटीन कुठे आहे? पाच नंबरच्या नळीच्या बरोबर खाली. बांध फुटला असता तर आम्ही सगळे रांगेत, शिस्तीत सापडलो असतो. आचारी माझ्यावर पळी घेऊन धावला, अजून बोलत नाही.

मग मी भोंगा सोडला आणि बायकांना धरलं. खूण ठरली, थाळी बडवायची. जागा ठरली, समोरची टेकडी. टेकडीवर सपाट जागा एकच आहे, साहेबांच्या बंगल्यापुढची हिरवळ. परवा तालीम झाली. अकरा मिनिटांत तिन्ही ओळी हिरवळीवर, सासूबाई सर्वांत पुढे. साहेबांच्या बाईंनी दार उघडून विचारलं, "काय हवंय?" सासूबाई म्हणाल्या, "काही नको, बसायला आलोय. तुम्ही चालू द्या." आणि बसल्या. इतक्या वर्षांत मला त्या प्रथमच आवडल्या.

त्याच संध्याकाळी जुन्या वह्या 'जागेअभावी' रद्दीत गेल्या. वजन करताना एकतीसऐवजी तीसच भरल्या आणि मला मेमो आला: वही क्रमांक एक कुठे आहे, चोवीस तासांत लेखी खुलासा करा. मी लेखी खुलासा केला. दोनच शब्दांत. त्यांना ओळखीचे आहेत.

आता माझ्या निलंबनाचा कागद टाइप होतोय म्हणे. होऊ दे. टाइप करणारी माझीच शिष्या आहे, शुद्धलेखन तरी बरं असेल. तू काळजी करू नकोस, मी घाबरलेली नाही आणि घर सोडून कुठेही जाणार नाही. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद, मिठाला माझ्यातर्फे निरोप.

तुझी धाकटी बहीण

ता. क. हवापालट वगैरे काही नाही. सासूबाईंना म्हण, "तुमच्या सुनेने सांगितलंय", मग त्या गाठोडं सोडतील. गोधडीच्या लाल ठिगळाची शिवण उसव. आत वही क्रमांक एक आहे. शिवण सासूबाईंची आहे, कल्पनाही त्यांचीच. अक्षर ओळखशील, ते तुझं आहे. दोन वर्षं रोजचे आकडे, पाच नंबरसमोर कुठे नऊ मीटर, कुठे सव्वानऊ. म्हणजे पाणी पहिल्यापासून तेवढंच होतं, हे साफ खोटं. आणि मग सलग चार दिवस तुझ्याच अक्षरात 'जैसे थे'. तारखा पाहा. माझं लग्न. तू इथे जेवणं वाढत होतास आणि वही रजेवर जाण्यापूर्वीच भरून ठेवली होतीस. पाचव्या दिवसापासून तू पुन्हा आकडे लिहिलेस, हे मी पाहिलं. पण तुझ्या मागून आलेल्याने आकडे उचलले नाहीत, ते दोन शब्द उचलले. तेव्हा मूळपुरुष तू आणि निमित्त मी. बुधवारच्या गाडीने ये आणि गुरुवारी अधिकाऱ्यांसमोर सांग: अक्षर माझं, आकडे खरे, ते चार दिवस खोटे. चार दिवसांचं तू आधी सांग. साहेबांनी शोधून काढलं तर आकडेही बुडतील. निवृत्त माणसाला लाजायला वेळ भरपूर असतो, ते नंतर कर.

दुसरा ता. क. येताना सासूबाईंना आणू नकोस. त्या हट्ट करतील, 'माझ्या घरात मरेन' म्हणतील. वहिनीला सांग, त्यांना स्वयंपाकात चुका काढायला बसव, रमतील. पण नीट सांभाळा. तीस वर्षं भांडतेय त्यांच्याशी, मध्येच खंड नको.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी आजचा आकडा घेऊन आले. पाच नंबर, दोन मीटर दहा. कालच्यापेक्षा चाळीस सेंटिमीटर वर. तेव्हा बुधवार नको, उद्याच ये. घर सोडणार नाही असं वर लिहिलंय, ते खोडत नाही, पण थाळी मी आत्ताच बडवून आले. आमच्या क्वार्टरवर जाऊ नकोस, तिथे कुलूप असेल. सरळ टेकडी चढ. साहेबांच्या हिरवळीवर, फाटकातून शिरल्यावर डाव्या हाताला, दुसऱ्या ओळीतलं सातवं बिऱ्हाड विचार.