मोजून आणलेली मुलं

६ मे, मनाली

पोचलो एकदाचे. निमगाव केतकीच्या शाळेत भूगोलाची बाई म्हणून रुजू होऊन मला जेमतेम पाच महिने झालेत, आणि एकवीस पोरं घेऊन मी थेट हिमालयात. बारामतीपलीकडं न गेलेली ही मंडळी देवदार बघून आधी गप्प झाली, मग असा कालवा केला की ड्रायव्हरनं कानात बोळे घातले. सोबतीला खेळाचे विशाल सर आहेत, म्हणून निभावतंय.

निघताना सिद्धूची आई, सारजाबाई, जवळ आल्या. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. डोंगरात कळप मोजू नये, मोजला की कमी पडलेल्याच्या जागी डोंगर आपलं काहीतरी घालून आकडा भरून देतो, असं त्यांच्यात मानतात. "पोरं मोजू नगा बाई, तोंडं बघा," म्हणाल्या. सिद्धू त्यांचा एकुलता एक. मी हसून सांगितलं, मोजून नेते, मोजून आणते.

८ मे

आज घाटमाथा. खाली देवदार, वर नुसतं गवत, मग दगड आणि बर्फ. पुस्तकातली वृक्षरेषा पोरांनी पायांनी ओलांडली. भाड्याचे लाल कोट, कानटोप्या, काळे चष्मे, सगळी एका साच्यातली. सिद्धूनं हिमनदीनं घासलेला एक गोटा उचलला. आईला ठेचा कुटायला नेणार म्हणाला.

दुपारी ढग उतरला. हाताला हात दिसेना. मी खांद्यांना हात लावून मोजलं. वीस. पुन्हा मोजलं, एकवीस. जिवात जीव आला. शेवटचा खांदा फार गार लागला, पण बर्फात सगळंच गार.

९ मे

सिद्धू जेवत नाही. उंचीचा त्रास असेल. टोपी आणि चष्मा काढत नाही. त्याची चुलत बहीण वैष्णवी त्याच्याशेजारी बसायला तयार नाही. का म्हणून विचारलं तर म्हणाली, "त्यो आईचं नाव काढत न्हाय." मी रागावले तिला.

मोजलं. एकवीस.

११ मे, रेल्वेत

अंगाची लाही होतेय, सिद्धूची टोपी तशीच. त्याच्या बाकाखाली पाणी साचतं. पुसलं — पुन्हा साचलं. सर म्हणतात बाटली गळत असेल.

त्याचं तोंड बघावं असं सारखं वाटतं. धीर होत नाही. मोजते नुसती.

१२ मे, दौंडहून गाडीत

बारामती मागं पडली. सरांना मनालीहून फोन. घाटात बर्फ काढताना एक मुलगा — आपल्या शाळेचं ओळखपत्र. मुठीत गोटा —

मोजलं. एकवीस. एकवीसच आहेत —

मीच त्याला वर सोडलं. मोजून.

निमगावचा स्टँड. सारजाबाई डबा घेऊन उभ्या. थांबू नका म्हटलं ड्रायव्हरला. गाडी थांबलीच. तो उतरला. टोपी काढली. त्यांनी तोंड बघितलं —

डबा पडला. तो उसात निघून गेला.

सारजाबाई गाडीत चढल्या. एकेकाचं तोंड हातात धरून बघतायत. मी मागच्या बाकावर. सगळी पोरं बघून झाली. आता माझं —